शमाल ३

रोलाच्या मागच्या गल्लीत, जिथे मी घड्याळापासून
मायक्रोवेव्हपर्यंत काहीही उघडतो,
खलफान ते चादरीत गुंडाळून घेऊन आला,
आजारी करडू आणावं तसं.

निळं यंत्र. चार सप्तकं, दोन्ही गालांना लाकूड,
बटणांच्या बुडाशी वीसेक वर्षांची वाळू
आणि उन्हानं पाझरलेलं रबर, बोटाला चिकटणारं.
'आतला सेल मरतोय,' तो म्हणाला,
'पण काढलास, परकार, तर हे सगळं विसरेल.'

मोजून पाहिलं : दोन पूर्णांक चार.
तेवढ्यावर एकशे अठ्ठावीस आवाज तग धरून होते.
त्याला त्यातला एकच हवा होता.
शमाल ३.
(शमाल म्हणजे इथला उत्तरेचा वारा. सुटला की
शटरखालून चाळलेल्या पिठासारखी वाळू आत येते.
१ आणि २ कुठे गेले, ते मी विचारलं नाही.)

शिजू, माझा पोऱ्या, लॅपटॉप घेऊन हजर :
'इक्का, हे तर फुकट मिळतं.'
वाजवूनही दाखवलं. हुबेहूब.
खलफान ऐकत राहिला,
परक्याच्या लग्नात बसतात तसा.

मी म्हटलं, अरे, मग हे तरी कुठे अस्सल?
त्याच्याही आधीच्या तापट, लहरी यंत्रांची नक्कल,
आकड्यांनी केलेली. आत नुसतं गणित,
आणि ते गणितही आता म्हातारं झालंय.
तो हसला. 'पाणी तरी तू विहिरीचं कुठे पितोस?
समुद्र उकळून केलेलं. तहान भागते ना?'

एसी बंद केला. पंखा बंद केला.
शिजूला श्वास बंद करायला सांगितला.
आधी बाजूनं नवा सेल तारांनी जोडला,
जुन्याला कळू न देता,
मग जुन्याचे पाय मोकळे केले.
कथलाचा वास. भुवईत घाम थांबला,
पडला नाही.

पडदा उजळला. सगळं होतं.

खलफाननं चार बोटं ठेवली.
हा सूर म्हणजे मुळात करवत, दात्यादात्यांची,
आणि इथे एका सुरात सात करवती,
प्रत्येक केसभर सरकलेली.
नेमक्या जुळल्या असत्या तर एक बारीक रेघ उरली असती.
मला अल नासरियातली खोली आठवली,
सात खाटा, सात घोरणी,
कुणाचं कुणाशी जुळत नसे,
आणि आता गावी, दापोलीला, त्या आवाजावाचून
मी टक्क जागा राहतो.

मग त्यानं एक गोल बटण उजवीकडे घ्यायला सुरुवात केली,
इतकं हळू,
की आधी नुसती घुसमट, गोधडीखालून कुणी गावं तशी,
मग कडा,
मग आत कुठेतरी काच.
'कुणी बनवलं हे?'
'इल्यानं. हमरियाच्या वाळूत, जनरेटरवर, एका रात्रीत.
उजाडलं तेव्हा दोनशे माणसं अनवाणी उभी होती.'
'तो कुठे असतो?'
बटण फिरत राहिलं.

'आणि ताल?' मी विचारलं.
'येईल. अजून नाही. थांबवून धरायचा असतो.'
ते मला कुणी शिकवायला नको.
एकोणीस रमझान झाले, मी म्हणतोय,
पुढच्या वर्षी कायमचा परत.

सेलचे तीस दिरहम सांगितले.
त्यानं शंभर ठेवले आणि सुट्ट्यांचा विषय काढू दिला नाही.
शिजूनं लॅपटॉप मिटला नाही,
फक्त बाजूला सरकवला.
ताल आला तेव्हा शेजारचा इराणी शिंपी
शटरवर मुठी आपटत होता.
कितीतरी वेळ मला वाटलं,
तेही त्यातलंच आहे.