एक हात खिशात

इंजिन बाहेर निघालं तेव्हा
गाडीचं नाक तीन बोटं वर आलं,
दवाखान्यात काट्यावर चढण्याआधी
चपला, पर्स, घड्याळ सगळं काढून ठेवणाऱ्या
बाईसारखं.

सत्तावन्न वर्षांची मॉरिस मायनर, करडी.
लानेलीच्या या चढावर, चार दारं पलीकडे राहणाऱ्या
एमरिस प्यू यांनी विकली,
वर एक घोंगडी आणि अर्धा डबा ग्रीस.
म्हणाले, सकाळी तिला जरा खोकू द्यायचं,
मग चालते.

मी तिचा खोकलाच काढून घेतला.

कार्बोरेटर, रेडिएटर, सायलेन्सर, टाकी.
नट-बोल्ट आप्पेपात्रात,
सात खळग्यांत सात मापं.
शिरीष टॉर्च धरून विचारतो, आप्पे कधी?
मार्चनंतर, मी म्हणते.
मार्च जातो. एप्रिलही.
हाताचा पेट्रोलचा वास भाकरीच्या पिठात उतरतो
आणि एक दिवस उतरत नाही,
ते मला दोन दिवसांनी कळतं.

मोटर एका फोर्कलिफ्टची,
जन्म बिस्किटांच्या गोदामात गेलेला.
बॅटऱ्या आपटलेल्या गाडीच्या,
कार्डिफच्या भंगारवाल्याकडून, सोळा,
रजईत गुंडाळून आणलेल्या.
जुन्या गिअरबॉक्सशी नव्या मोटरचं जमेना:
पत्रिका जुळली, दांडा जुळला नाही.
अर्ध्या मिलिमीटरसाठी तीन रविवार.
इचलकरंजीच्या आयटीआयत आम्ही दोघीच मुली,
मास्तर सांगायचे, माप घेताना श्वास धरायचा.
चौथ्या रविवारी लेथपाशी
मी तो धरला. चकती बसली.
श्वास सोडायचा राहिला बहुतेक,
शिरीष पाठीवर थापटत होता.

एमरिस रोज थर्मास घेऊन येत, स्टुलावर बसत.
पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन.
बॅटऱ्या जोडायला घेतल्या तसे उठून उभे राहिले.
जिवंत तारेपाशी एकच हात, म्हणाले.
दुसरा खिशात.
एका हातातून शिरलेली वीज
दुसऱ्यातून बाहेर पडायला बघते
आणि वाटेत काळीज लागतं.
त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.
मी विचारलं नाही.

माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता.
रात्री मशीन काढून शिवला,
जुन्या पडद्याच्या तुकड्याचा, खोल, मनगटापर्यंत.

मग फॉर्म. रंग तोच. चेसिस नंबर तोच.
इंधनाच्या रकान्यात खाडाखोड.
फोनवरच्या बाईने विचारलं, बाकी गाडी तीच ना?
तीच, मी म्हणाले.
अशाच एका फॉर्मवर मी माझं जन्मगाव लिहिलं होतं,
स्पेलिंग तीनदा सांगून.

पहिल्यांदा किल्ली फिरवली, टक् झालं,
आणि गाडी मागे गेली.
शेजारच्यांचे कचऱ्याचे दोन डबे आडवे.
दोन तारांची अदलाबदल,
इतकं साधं, की मला रडायला आलं
आणि शिरीषला हसू.
तीन दिवस आम्ही त्यावरून बोललो नाही.

आज शनिवार. हीटर नाही,
म्हणून तिघेही कोट घालून.
पेट्रोलचा काटा आता चार्ज दाखवतो,
पूर्वीसारखाच खोटं बोलत, थोडं जास्तच.
चढ सुरू होतो. दुसरा गिअर.
टायरखाली खडी ऐकू येते, आधी कधी आली नव्हती,
कुणाच्या तरी अंगणातला रेडिओही.
एमरिस कान तिरका करून बसलेत,
डावा हात कोटाच्या खिशात.
जिथे ती हमखास अडकायची
त्या पोस्टाच्या पेटीपाशी
त्यांनी पाय आवळले,
आणि गाडी नुसती वर गेली.

एमरिस खोकले.

सॉरी, म्हणाले,
इथे कुणीतरी खोकायला हवं होतं.