वल्हांडण

गुरुवारच्या मिसेत घंटा वाजते,
मग मुकी होते.
दोरी मी वर गुंडाळून ठेवतो
आणि शुक्रवारी पहाटे
खानापूरच्या गल्ल्यांतून मात्राक वाजवत निघतो,
सागवानी फळीवर लोखंडी कडी, टक् टक् टक्.
कुंभारगल्लीत बसलिंग चाक थांबवायचा.
"कोण गेलं म्हणायचं, पास्कू?"
दर वर्षी तोच सवाल.
"तेच की बा. तेहतीस वर्सांचं."
चिखलाचे हात मांडीला पुसून
तो उभा राहायचा, मी वळेपर्यंत.

पास्कू हे नाव शाळेत टिकलं नाही.
सबनीस मास्तरांनी भास्कर लिहिलं.
रेशनकार्डावर कन्नडात जे आहे
ते बसप्पाच्या जवळपास जातं.
आई सांगायची, इगर्जीबाहेर नवा विस्तव पेटला
आणि इकडे तू रडलास.
सुईण रेमेतबाय मिसा अर्धी टाकून आलेली,
हातातली मेणबत्ती तशीच.
म्हणून तुला सणाचंच नाव.

पण सणाला तारीख नाही.
दिवस-रात्र सारखे झाले
की पुढली पुनव, आणि पुनवेनंतरचा रविवार.
कधी शिमग्याच्या राखेमागोमाग येतो,
कधी मारुतीपुढचा नारळ ओला असताना.
माझा वाढदिवस असा
चंद्राच्या मर्जीवर.

शिकवणीला पोरं विचारतात, पास्खा म्हणजे काय?
मी मराठी बायबल उघडतो.
तिथं शब्द आहे वल्हांडण.
ज्या चौकटींना कोकराचं रक्त लागलं होतं
ती घरं ओलांडून मरण पुढं गेलं.
कणीक फुगायलाही वेळ नव्हता,
गुलाम माणसं रातोरात निघाली.
आणि कैक पिढ्यांनी, त्याच सणाच्या दिवसांत,
येशूला खिळलं.
"म्हणजे ओलांडायचं," ग्रासियाना म्हणते.
मलप्रभेपलीकडून येते ही पोर,
वाटेत दोन पाट्या वाचत,
एक कन्नड, एकीवर डांबर.
हो, म्हणालो. ओलांडायचं.
यापुढं मला सांगता आलं नाही.

यंदा शुक्रवारी
कुंभारगल्लीत मी हात जरा हळू केला.
चाकावर पोतं टाकलेलं.
बसलिंग शिवरात्रीनंतर गेला,
मला ठाऊक होतं, मीच खांदा दिला होता,
तरी थांबलो.
कोणीच विचारलं नाही.
मग दार वाजलं. त्याची सून नीलव्वा
पदरात काहीतरी धरून पायरी उतरली.
शनिवारच्या विस्तवाची कुंडी.
"माघातच भाजून ठेवलीती मामांनी.
तगोरी."
मी खिशात हात घातला.
तिनं मान हलवली, सासऱ्यासारखीच.

शनिवारी काळोखात त्या कुंडीत
गारगोटीची ठिणगी पडली.
गेल्या वर्षीच्या काजूच्या काटक्या चटचटल्या.
मोठ्या मेणबत्तीत फादरांनी
धुपाचे पाच खडे रोवले, पाच जखमा,
आणि एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी
वात लागत गेली.
घंटा मी इतकी ओढली
की तळहात सोलवटले.
घरी कांद्याच्या सालीत उकडलेली अंडी,
तांबडी, अजून कोमट.
बसलिंगाकडं अंडं चालत नाही.
त्यांच्याकडं मी दर साली सान्नं न्यायचो,
केळीच्या पानात दोन.

रविवारी उजाडायच्या आत
आमच्या दफनभूमीत आईला मेणबत्ती लावली
आणि दुसरी हाताच्या आडोशानं जपत
रस्ता ओलांडला.
लिंगायतांच्या रानात
बसलिंगला बसवून ठेवलंय मातीत.
आमची माणसं आडवी निजून वाट बघतात,
त्यांची बसून.
सान्नं ठेवली. मेणबत्ती वाऱ्यानं गेली.
मात्राक घरी होती,
म्हणून बोटाच्या पेरानं दगडावरच
टक् टक् टक्.

थोडा वेळ कान देऊन उभा होतो.
मग आठवलं,
सहाची घंटा मलाच द्यायची होती,
आणि मी चपला हातात घेऊन
शेतातून पळत सुटलो.