सड्याखालची गाडी

शाळेच्या पडवीत बैठक झाली तेव्हा
ऐनापुरे साहेबांनी टेबलावर ठेवले
जांभ्याचे दोन गोल तुकडे, कणसाएवढे, खालून काढलेले.
म्हणाले, हा दगड म्हणजे चाळण. गाडी वरूनच न्या.
दुसरे साहेब, चष्म्याला दोरी बांधलेले,
म्हणाले, खारा वारा खांब खाईल,
पाहुण्यांना गंज दिसता कामा नये.
मग दोघंही आमच्याकडे वळले.
वर म्हणणाऱ्यांनी हात वर करा.
खाली म्हणणाऱ्यांनी काय करायचं
ते कुणी सांगितलं नाही.

धाकू गुरव पायरीवर सुपारी कातरत होता.
एवढंच बोलला:
वरून नेलीत तर सावली, खालून नेलीत तर पाणी.
बाकी तुमचं चालू द्या.

कंपनीने दोन्ही नेल्या.

वरची पाहुण्यांची. काचेची, गारेगार,
चाच्यांच्या किल्ल्यावरून नकली कोळीवाड्याकडे जाते,
जिथे सुरमई रबराची आणि जाळं कधी भिजत नाही.
तिच्यात एक बाई बोलते, मुद्रित, मधाळ:
डावीकडे पाहा, कोकणातलं पारंपरिक गाव.
डावीकडे रुक्साना होडेकरचे सोडे सुकतात
आणि तिचा दीर चड्डीवर मोटरसायकल धुतो.
त्याने पहिल्या दिवशी हात हलवला होता. आता पाठ करतो.

खालची गाडी माझी.
पाच डबे, बॅटरीवर, ताशी बारा.
चादरी, उष्टी भांडी, फुटके फुगे,
आणि खेकड्याच्या पोशाखातला मंग्या शिवगण,
खेकड्याचं डोकं मांडीवर घेऊन झोपलेला.
खेकडा चालत कामावर येताना
कुणा पोराला दिसू नये, असा नियम आहे.

खाली थांब्यांना नावं नाहीत. ख-एक, ख-दोन.
मी वरच्या हिशेबाने चालवते.
ख-दोनवर करवंदीची जाळी, तिथे माझी चप्पल हरवली होती.
ख-तीनच्या अलीकडे कातळात कोरलेला हत्ती,
कुणी कोरला ठाऊक नाही, त्याच्या पोटात पावसाळ्यात बेडूक.
ख-चारवर आमच्या वाडीची बाव.
तिथे छत गळतं.
मी भगवी बादली लावलीय, आणि वहीत लिहिते: किरकोळ झिरपा.
एकदा बोट बुडवून चाखलं.
बावीचंच. त्यात चुकायचं नाही माझं.

श्रावणात वारा उठला आणि वरची गाडी
व्हाळावर अर्ध्यात अडकली, तासभर हलली नाही.
पाहुण्यांना शिडीने उतरवलं, माझ्या डब्यांत बसवलं,
चादरींच्या गाठोड्यांवर. सगळे गप्प.
इथे मधाळ बाई नाही.
पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या एका मुलीने विचारलं,
मावशी, आपल्या वर काय आहे?
मी सांगत गेले. करवंदी. चप्पल. हत्ती.
बेडूक म्हटल्यावर एक गृहस्थ हसले, मग उगाच खोकले.
ख-चारला तिने तळवा पुढे केला.
वडील म्हणाले, घाण असेल.
तोवर तिने चाटलं होतं.

पाळी संपली की बादली डोक्यावर घेते,
फाटकातून बाहेर, चढ चढून, बावीवर.
बाव दोन पायऱ्या खाली गेलीय.
ओतते. आवाज उशिरा येतो.
ऐनापुरे साहेब भेटले तर विचारायचंय,
रोज एक बादली, तर दोन पायऱ्यांना किती वर्षं?
गणित त्यांचं चांगलं होतं.

परवा फाटकावर नवा पहारेकरी होता.
बादलीत वाकून बघितलं.
काय नेतेस?
पाणी.
कंपनीचं?