दीड वीत तार

दीड वीत तार हवी होती, तांब्याची.
तांबट लेनमध्ये गजाभाऊ करड्यांनी
मोजली नाही, नुसती तोडून दिली.
"एवढ्याशा तारेचं काय करणार, पोरी?"

काय सांगावं.
गंगापूर रोडच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या नळीत मी कार्बनचा लगदा ठासते,
मागून तार खुपसते,
पुढचं टोक कागदावर घासते इंग्रजी आठ काढत
(मराठी आठ काढला तर एकाच बाजूने झिजतं).
मग टोकावर एक थेंब काजळीचा.
साधी काजळी नव्हे. तिच्यातल्या नळ्या इतक्या बारीक
की त्यांच्यापुढे केस म्हणजे वडाचं खोड.
बिलगून बसतात एकमेकींना,
अर्धा तास हलवल्याशिवाय गुंता सुटत नाही.
थेंब दिव्याखाली वाळतो.
शनिवारी वीज जाते, मग वाळतही नाही.

नुसत्या कार्बनवर
डोपामिन आणि पेरूतलं आंबट आम्ल
एकदमच बोलायला लागतात.
आलेखावर एकच टेकडी, आत दोघांचा कालवा.
नळ्या लावल्या, तरी तेरा वेळा तेच.
चौदाव्यांदा आधी आम्ल आलं,
मग जरा मोकळी जागा,
मग डोपामिन,
मागच्या बाकावरची मुलगी
हजेरीला हळूच उठते, तसं.

पुन्हा तारेला गेले तेव्हा राहवलं नाही, सांगून टाकलं :
जे कमी झालं की हात थरथरतो
ते मोजते मी.

हातोडी थांबली.
हात थांबला नाही.

"माझं सांगेल ते?"

नाही सांगणार, भाऊ.
मिठाच्या पाण्यात मीच सोडलेल्या थेंबाचं सांगतं,
औषधाच्या बाटलीतलं सांगतं,
डोक्यातलं रक्तावरून कळत नाही,
आणि डोक्यापर्यंत माझी नळी पोचत नाही.
गाईडसमोर बोलते तशी
एका दमात बोलले सगळं.

त्यांनी घंगाळ उपडं केलं,
बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला.
"भेग अजून दिसत नाही कुठे.
पण ऐक. आवाज बसलाय."

मी ऐकलं. मला तर
दोन्ही घंगाळं सारखीच वाजली.

आज रेघ थरथरतेय सकाळपासून.
जोडण्या पाहिल्या, पंखा बंद केला,
शेजारच्या खोलीतला फ्रीजसुद्धा.
नोंदवहीत लिहिलं :
तार, करडे, तांबट लेन.
किंमत या रकान्यात
काय लिहावं ते सुचेना.
पैसे घेतले नव्हते त्यांनी.