बोरगुंडी, शाखा डाकघर

गॅझेटियरमध्ये आमच्या वाट्याला दीड ओळ.
घरं एक्याऐंशी, पाणी मचूळ, बाजार भरत नाही.
बाकीचं मी सांगतो.
तीस वर्षं इथली पत्रं वाटलीत,
काही वाचूनही दाखवलीत.

कानडीत गुंडी म्हणजे खड्डा.
मराठीत सदऱ्याची.
शाळेतली पोरं दरवर्षी यावरून भांडतात
आणि गुरुजी दोघांनाही मार्क देतात.
माझा शिक्का झिजलाय, त्यातलं 'बोर' उमटतच नाही,
पाकिटावर नुसती गुंडी येते.
पत्रं पोचतात.

ओढ्यापलीकडं तेव्हा मोगलाई.
गुडघाभर पाण्यापल्याड दुसरं राज्य, दुसरा रुपया,
बाभळीखाली जकातीचा नाका.
लगमव्वा तीन लुगडी एकावर एक नेसून
ऐन वैशाखात ओढा ओलांडायची.
दस्तगीर जमादार विचारायचा,
"अम्मा, थंडी बजरी क्या?"
"लई," ती म्हणायची, घाम पुसत.
मग तो मान वर करून
सुगरणीचे खोपे मोजत बसायचा.
परत येताना ती एका लुगड्यात, हडकुळी.
त्याच्या लेकीच्या लग्नात म्हणे चौथं लुगडं होतं.
नाक्याच्या वहीत त्याची नोंद नाही.

मग ते वर्ष आलं.
त्याबद्दल गाव अजून हळू बोलतं.
नाक्याचं छप्पर जळालं एका रात्री,
आणि चार महिने लगमव्वाच्या कडब्याच्या गंजीमागं
दोन भाकरी जास्त जात राहिल्या.
याहून जास्त मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

इथं माणसं पैसे मोजतात कानडीत,
बांधावरून भांडतात मराठीत.
म्हशीला दोन्ही कळतं.

वेशीजवळ वीरगळ आहे.
बाया त्याच्या कडेवर विळ्यांना धार लावत आल्या,
त्यामुळं खालच्या गाई अर्ध्याच उरल्यात.
दर सोमवारी तेल्यांच्या घरातून
त्याच्यापुढच्या दिव्यात पळीभर तेल येतं.
का, असं विचारलं तर गुरुसिद्ध तेली म्हणायचा,
"आमचा आज्जा घालायचा की."
आज्जाही हेच म्हणाला असता.

परवा विद्यापीठातून एक मुलगी आली.
दगडावर ओला कागद थापला, ब्रशनं ठोकला,
बराच वेळ ओठ हलवत राहिली.
मग वाचलं:
गाईंसाठी पडलेल्या अमक्याचा हा दगड
(नाव फुटलंय),
याच्या दिव्याला घाणेवाल्यांनी तेल द्यावं
चंद्रसूर्य असेतोवर.

गुरुसिद्धचा नातू ऐकत उभा होता, मोबाइल खिशात घालून.
घाणा मोडून वीस वर्षं झालीत.
लाकूड कुणी नेलं, तेही आठवत नाही.
तो दगडाकडं बघत राहिला, मग म्हणाला,
"म्हंजे सुटका न्हाईच की ओ."

काल सोमवार.
आला. दातानं पिशवीचा कोपरा फाडला.
पामतेल.
वारं होतं, वात धरेना.
मी टोपी काढून आडोसा केला.