वजनावर आवळायचं

वाडी नाक्यापलीकडे, ट्रान्सपोर्टच्या गल्लीत
हेडाऊंच्या पत्र्याखाली गाडी दोन घोड्यांवर.
चाकं उतरवलेली, पाटे लोंबकळतायत.
मे महिन्यातले साडेदहा. पाना हातात धरवत नाही;
देवचंद तो आधी बादलीत बुडवतो, मग लावतो.

सव्वीस वर्षांची. जंगलखात्याच्या लिलावातली.
मनसरपासून पार पवनीच्या पुढे
दगड गोळा करत फिरले मी हिच्यातून,
आणि गेली दोन वर्षं
दर खड्ड्याला ही एकच अक्षर बोलायची: कुईं.
मी रेडिओ मोठा केला.

शॅकलचा बोल्ट निघेना.
डिझेल पाजून रात्रभर ठेवला, सकाळी घण घातला,
शेवटी गॅसनं लाल केला तेव्हा सुटला,
आणि गल्लीभर जळक्या रबराचा वास.

तळहातावर ठेवला त्यानं जुना बुश:
अंगठ्याएवढा, एका कडेनं चपटा,
आतून चिरलेला.
"एवढ्याशानं?"
"एवढ्याशानंच. हे गेलं का मॅडम,
लोखंड लोखंडाले खाते."

घाट रोडवरून आणलेले नवे
साबणाच्या पाण्यात बुचकळून, व्हाइसमध्ये धरून
एकेक आत सरकवले.
ग्रीस नको म्हणाला, रबर फुगते.

मला घाई. बोल्ट बसला तसा
मीच पाना लावला.
"थांबा! मागच्यानं हेच केलं होतं.
गाडी अधांतरी असताना आवळलं
का रबराले वाटते, हेच आपलं घर.
मंग खाली उतरली का पीळ बसते,
चालते तोवर पीळच.
पयले चाकं. मंग जमीन. मंग वजन.
आवळायचं त्याच्या नंतर."

मी मान हलवली.
बेसाचा फ्लॅट, तीन वर्षांचं एक लग्न,
असंच हवेत घट्ट केलेलं काही काही आठवलं.
देवचंदला सांगण्यासारखं नव्हतं ते.

गाडी उतरवली. मग त्यानं वजन गोळा केलं:
सिमेंटच्या दोन गोण्या, हाताखालचा रेहान,
किटली घेऊन आलेला चहावाला, किटलीसकट,
आणि पुढच्या सीटवर मी.
पाटे हळूच वाकले, जागेवर आले.
खालून त्याचा आवाज,
"हलू नका कोणी,"
आणि आम्ही चौघं...
नाही, तिघंच, गोण्या धरून पाच,
श्वास रोखून बसलो
तो एकेक बोल्ट आवळेपर्यंत.

अमरावती रोडला लागले.
पहिला गतिरोधक. काही नाही.
दुसरा. काही नाही.
खोदून ठेवलेल्या पाइपलाइनची चर, तिथंही नाही.

मग दत्तवाडीजवळ, एवढ्या शांततेत,
डॅशबोर्डच्या खणात काहीतरी घरंगळलं.
गाडी कडेला घेतली.
गुमगावचा दगड, काळाभोर,
चिकटपट्टीवर माझंच अक्षर,
तारीख पुसलेली.

प्रयोगशाळेत द्यायचा राहिलाच होता.