होतं तसं

सातपूरच्या बंद कारखान्याचं कॅन्टीन
चार दिवसांसाठी मिळालं, दिवसाला अडीच हजार.
पाणी तुमचं, जनरेटर तुमचा,
मीटर तर सोळा सालीच काढून नेलं, वॉचमन गांगुर्डे म्हणाले.
आणि करारात शेवटी पेनाने वाढवलेली एक ओळ:
काम झाल्यावर होतं तसं करून द्यावे.

सिनेमाला हवा होता सरकारी दवाखाना, साल अठ्ठ्याऐंशी.
माझ्याकडे अकरा हजार,
एक छोटा हत्ती अर्ध्या दिवसाच्या बोलीवर,
आणि अत्तारचाचा,
ज्यांनी भद्रकालीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या
फ्लेक्स यायच्या आधी.

अंबड लिंक रोडच्या भंगारातून सहा खाटा,
दोन विकत, चार परतीच्या बोलीवर.
सलाईनचे स्टॅण्ड द्वारकेच्या एका डॉक्टरांच्या गच्चीवरून,
कबुतरांच्या शिटेसकट.
चादरी नव्या स्वस्त पडल्या, म्हणून
चहाच्या चोथ्यात बुडवून जुन्या केल्या.
द्राक्षांचे क्रेट उलटे टाकून वर फळी, झाली औषधांची खोली.
कॅमेरा कमरेखाली येणार नाही
अशी शपथ निषादने घेतली होती, आईची.

भिंतीला खाली हिरवा, वर चुना,
मधे बोटभर काळी पट्टी.
चाचांनी ती दोरीशिवाय ओढली, श्वास धरून,
आणि दाराशी पोचल्यावर खोकत बसले.

ओल होती. खरी होती, पण चुकीच्या भिंतीला,
कॅमेऱ्याच्या पाठीमागे.
तेव्हा काव, चहा आणि डिंकाचं पाणी घेऊन
चाचा शिडीवर चढले,
समोरच्या कोपऱ्यात ओल काढू लागले,
वरून खाली, फुगत फुगत, कडेला पिवळी,
आणि मधेच मान वळवून खऱ्या ओलीकडे बघत,
समोर कुणाला बसवून चित्र काढावं तसे.

"त्या ओलीसाठी आम्ही सात अर्ज दिले," गांगुर्डे म्हणाले.
"आमटीत टपकायचं.
आणि तुम्ही पैसे देऊन करून घेताय."
"पैसे कुठे मिळालेत अजून," शिडीवरून चाचा.

चौथ्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर
एक बाई अकरा वेळा मेली.
सातव्या वेळी गांगुर्डे उठून बाहेर गेले
आणि आमच्या टँकरचा नळ सोडून
उगाच हात धूत राहिले.
पाणी विकतचं होतं. मी काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी मोबाईलमधले पहिले फोटो काढून
मी कॅन्टीन परत मोडायला घेतलं.
बाकांची चळत इथे, तिसरा पाय वर.
पोत्यात भरलेल्या काचा पुन्हा तिथेच ओतल्या.
कोळ्यांची जाळी तेवढी लावता येईनात.

"हे नाही," गांगुर्डे म्हणाले.
"होतं तसं लिहिलंय ना?
मग कुठल्या सालचं, ते सांगा."

मी फोटो पुढे केला, खाली तारीख होती.
त्यांनी पाहिला नाही.
ते बोट दाखवत चालत राहिले:
ही कुपनाची खिडकी,
पहिल्या पाळीला पिवळं, दुसरीला गुलाबी,
तिसरीला कुपनच नाही, सोनजे तोंडं बघून मोजायचा.
शनिवारी लापशी. इथवर रांग. नाही, इथवर.

काका, म्हटलं, सहाशे चाळीस रुपये उरलेत.

मला वाटलं, हसतील.
ते बोटांवर हिशोब करत होते.
"दोन ट्यूब येतील," म्हणाले, "पट्ट्यांसकट."

बाहेर छोटा हत्ती हॉर्न देत होता.
मीटरचं मी बोलणार होते,
पण ते मला त्यांनीच सांगितलेलं.

चाचांनी टेम्पोत बांधलेली शिडी सोडवून आणली,
ट्यूब बसवल्या, एक खिडकीशी, एक जिथे रांग संपायची तिथे,
मग चुन्याचा डबा उघडून
आपल्या ओलीकडे वळले.

"राहू द्या," गांगुर्डे म्हणाले,
"ही टपकत नाही."